मुकं रीळ

फोन आला तेव्हा बाई भर चौकात अडकल्या होत्या. अडकवलं होतं त्यांच्या शिकाऊ माणसाने. चांगला पन्नाशीचा दातांचा डॉक्टर, लोकांच्या जबड्यात बिनधास्त हात घालणारा, पण गाडी सुरू करायची म्हटलं की पाय लटपटायचे. मागे हॉर्नची बोंबाबोंब चालली होती. "सोडा हो क्लच, डॉक्टर! दाढ नाहीये ती, उपटायची नाही, हळूच सोडायची," असं ओरडत बाईंनी एका हाताने स्टिअरिंग सांभाळलं आणि दुसऱ्याने फोन कानाला लावला.

"नमस्कार," पलीकडचा माणूस म्हणाला. "जुने सिनेमे जतन करणारी संस्था आहे, तिथला मी रेकॉर्डिस्ट. तुमच्या सिनेमाबद्दल बोलायचं होतं."

"माझा कुठलाही सिनेमा नाही," बाई म्हणाल्या आणि फोन बंद केला.

सिनेमा होता. कसा नव्हता? अख्ख्या जगाला ठाऊक होता. भाड्याने द्यायचा एक रिकामा फ्लॅट, जागा बघायला आलेला चाळिशी उलटलेला पुरुष आणि त्याच वेळी तिथे येऊन पोचलेली एक मुलगी. दोघं रोज दुपारी भेटतात आणि अट एकच, नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, विचारायचंही नाही. झालं! यावर बंदी आली, मोर्चे निघाले, कोर्टात खटला झाला, बंदी उठली. पुढे वीसेक वर्षं गेली आणि ज्यांनी पोस्टरला शेण फासलं होतं त्यांचीच पोरं त्याला थोर कलाकृती म्हणायला लागली. कुठलीही लाजिरवाणी गोष्ट पुरेशी जुनी झाली की लोक तिला अभिजात म्हणतात.

सिनेमातल्या मुलीला नाव नव्हतं, म्हणून पडद्यावर श्रेयनामावलीत नुसतं 'मुलगी' आलं. लोकांनी मात्र ती भूमिका करणाऱ्या पोरीलाच, म्हणजे आपल्या बाईंना, नाव ठेवलं: फ्लॅटवाली. भाजी घ्यायला गेली तरी फ्लॅटवाली, देवदर्शनाला गेली तरी फ्लॅटवाली. लग्न झालं, तर तिसऱ्या वर्षी नवरा मित्रांबरोबर सिनेमा बघून आला आणि रात्रभर तोंड फिरवून झोपला. सकाळी तिची बॅग दारात होती. तेव्हा तिने सिनेमे सोडले होतेच, मग नवराही सोडला आणि गाडी शिकली. पुढे स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई सांगायच्या, आयुष्यात माझ्या ताब्यात आलेली पहिली वस्तू ही.

रेकॉर्डिस्ट चिवट निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. बाई तेव्हा घरी होत्या, समोर ताई लसूण सोलत बसली होती. ताई म्हणजे बाईंची सख्खी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. तीही एकटी पडल्यापासून दोघी एकाच दोन खोल्यांत राहायच्या, भांडायच्या आणि एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या.

"बाई, एक मिनिट ऐका," तो म्हणाला. "सिनेमा नव्याने स्वच्छ करतोय आम्ही. सगळी रिळं निघाली, फक्त सहाव्याचा आवाज कुजून गेलाय. त्यात तुमचं बोलणं काहीच नाही, नुसतं रडणं आहे. तेव्हा तुमचा आवाज ज्यांनी दिला होता, त्या डबिंगवाल्या बाई आता हयात नाहीत. मास्तर म्हणाले, खुद्द नायिकेलाच बोलवा. बातमी होईल."

मास्तर म्हणजे दिग्दर्शक. अख्खं युनिट त्याला मास्तर म्हणायचं. वय वर्षं चौऱ्याऐंशी, अजून जिवंत. अशा माणसांना मरण पण घाबरतं.

"मी बासष्ट वर्षांची आहे," बाई म्हणाल्या. "एकवीस वर्षांच्या पोरीचं रडणं मी कुठून आणू?"

"मीही तेच म्हटलं. मास्तर म्हणाले, रडण्याला वय नसतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहावं रीळ! इतर कुठलं नाही, तेच!

त्या शूटिंगच्या दिवशी कागदावर लिहिलं होतं: पुरुष तिची पर्स खिडकीतून फेकतो, ती रडते. एवढंच. सकाळी चहा पिताना मास्तर आणि हिरो यांच्यात काय शिजलं ते तिला कोणी सांगितलं नाही. कॅमेरा सुरू झाला आणि हिरोने तिला जमिनीवर पालथी पाडली. पाठीत गुडघा रोवला, ब्लाउज खांद्यापासून टरकावला आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन तिचे कमरेपर्यंतचे केस मुळापासून कापायला घेतले. खरे केस, खरी कात्री. कानामागे लागली, रक्त आलं, तेही खरं. खोलीत चौदा पुरुष होते. एकही पुढे झाला नाही, कारण शॉट थांबवायचा हक्क तिथे फक्त मास्तरांचा. शॉट संपल्यावर मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, खोटं रडणारी पोरगी मला नको होती, सांगितलं असतं तर हिने नाटक केलं असतं.

तेव्हा सेटवरचा आवाज सिनेमात घेतच नसत, तो मागाहून डबिंगमध्ये भरायचा, आणि तिने डबिंगला जायला साफ नकार दिला. सिनेमाही कधी बघितला नाही.

आणि हे सगळं एक वेळ गिळलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राच्या मुलाखतीत बाई पहिल्यांदा बोलल्या, "मी थांबवा म्हणून ओरडत होते, कोणी थांबवलं नाही." दुसऱ्याच दिवशी मास्तरांचं उत्तर छापून आलं. ती काही ओरडली नव्हती, रडली आणि फार सुंदर रडली. सोबतीला आलेली तिची सख्खी बहीण दारापलीकडे बसलेली होती, तिलाच विचारा. वार्ताहर विचारायला घरी आला, तेव्हा ताई म्हणाली, "मी नाही बाई काही ऐकलं."

चोराच्या उलट्या बोंबा एक वेळ परवडल्या हो, पण घरचा साक्षीदार उलटला की माणसाने जायचं कुठे? लोकांनी बाईंना खोटारडी ठरवलं. म्हातारपणी प्रसिद्धीचा सोस, म्हणाले. बाईंनी ताईला फाडून खायचं बाकी ठेवलं होतं. ताई एकच सांगायची, "मी बाहेर स्टुलावर बसले होते. तू ओरडली असतीस तर मला ऐकू आलं नसतं का? मनातल्या मनात ओरडली असशील, छोटे. भीतीने असं होतं माणसाचं."

आणि सगळ्यात वाईट हे, की हळूहळू बाईंनाही तसंच वाटायला लागलं होतं. रात्री उठून त्या विचार करायच्या, खरंच तोंडातून शब्द फुटला होता का? की नुसतीच पडून राहिले मी ढिम्म? नुसतीच रडले? मग मला कसला राग येतोय एवढा? चाळीस वर्षं मी कोणाच्या नावाने खडे फोडतेय?

"आवाज अगदीच गेलाय?" बाईंनी फोनवर विचारलं.

"पार गेला. चित्र मात्र काचेसारखं स्वच्छ आहे. मुकं रीळ आहे ते."

मुकं. म्हणजे दुसऱ्या बाईचे हुंदके त्याच्यावर नाहीत. म्हणजे तोंड हललं असेल तर दिसेल, नसेल हललं तर तेही दिसेल. एकदाचा सोक्षमोक्ष!

"येते," त्या म्हणाल्या. मग फोन ठेवून ताईकडे वळल्या. "गुरुवारी तू माझ्याबरोबर येणारेस."

"मी? माझे गुडघे..."

"गुडघे घेऊन ये."

ताईने लसणाची पाकळी सालासकट वाटीत टाकली. "कशाला ग आता चिखल उकरायचा? मेलं ना सगळं."

"मेलं असतं तर मी रोज उठून त्याचं तेरावं घातलं नसतं. तू यायचं म्हणजे यायचं."

गुरुवारी अकरा वाजता दोघी संस्थेत पोचल्या. एरवी बाईंनी जरा वेगाने वळण घेतलं की ताईचं नामस्मरण सुरू व्हायचं, त्या दिवशी तेही नाही. रेकॉर्डिस्ट जिन्यापर्यंत घ्यायला आला. साठीला टेकलेला, ढगळ स्वेटर घातलेला माणूस. कानात कापूस. "बाहेरचा गोंगाट नको वाटतो," तो ओशाळून म्हणाला. बाईंना तो बरा वाटला.

डबिंगची खोली म्हणजे गादीच्या आत शिरल्यासारखं वाटत होतं. भिंतींना जाड कापड, दाराला दुहेरी रबर, मध्ये एक माइक, एक उंच स्टूल आणि समोर पडदा. बाजूच्या भिंतीत मोठी काच आणि काचेपलीकडे मशीनची खोली. तिथे मास्तर आधीच येऊन बसले होते. मांडीवर ब्लँकेट, हातात काठी, डोळे तेवढे तसेच.

"ये पोरी," दोघी तिथे शिरताच मास्तर म्हणाले. "तुझ्यात काही फरक नाही."

"तुमच्यातही नाही," बाई म्हणाल्या. "दुर्दैवाने."

मास्तर खोऽ खोऽ हसले. "राग अजून नाकावर! अगं, त्या शॉटने तुला अमर केलं. लोक आयुष्यभर घासतात, त्यांना असा एक क्षण मिळत नाही. आभार राहू दे, निदान आज मनापासून रड."

कप्पाळ माझं! बाईंच्या जिभेवर अशा शिव्या आल्या की रेकॉर्डिस्टने कानातला कापूस काढलाच नसता. पण बाईंनी त्या गिळल्या. आधी बघायचं होतं. ताईला त्यांनी मास्तरांशेजारच्या खुर्चीत बसवलं. मुद्दाम तिथे बसवलं, पडदा नीट दिसेल अशी.

रेकॉर्डिस्टने समजावलं. एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरणार, त्याला लूप म्हणतात. आधी तीनदा टिक वाजेल, चौथ्या जागी सुरू करायचं. "आमचा धर्म एकच बाई, आवाज ओठांवर बसला पाहिजे. बाकी काही नाही." त्याने बाईंच्या कानांवर हेडफोन चढवले आणि काचेपलीकडे गेला. तिथून तो बटण दाबून बोलला की त्या खोलीतलं सगळं हेडफोनमध्ये ऐकू यायचं.

दिवा मालवला. टिक, टिक, टिक.

पडद्यावर जमीन. जमिनीवर टेकलेला एक गाल, कॅमेऱ्याकडे वळलेला चेहरा. केवढी लहान होती ती! बाईंना पहिल्यांदा एवढंच सुचलं. केवढीशी पोर, हिला कोणी हात कसा लावला? वरून एक पुरुषी हात, कात्री, आणि केसांचे पुंजके तिच्या तोंडावर पडताहेत. बावीस सेकंदं. सगळं मुकं. लूप संपला. बाईंनी आवाज दिलाच नव्हता.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

टिक, टिक, टिक. या वेळी त्यांनी फक्त तोंड बघितलं.

तोंड हलत होतं.

"पुन्हा."

"काय चाललंय?" हेडफोनमध्ये मास्तरांचा आवाज. "रड ना! बघत काय बसलीस, स्वतःवरच भाळलीस का?"

रेकॉर्डिस्ट मात्र मशीनवर वाकला होता. धंद्याचा माणूस, त्याला न जुळणारी गोष्ट दिसली की चैन पडत नाही. "एक मिनिट हं, मास्तर. मी हा हुंदका इथे बसवायचा कसा? रडताना ओठ मिटत नाहीत. तोंड उघडंच राहतं. इथे मिटलेत. एकदा इथे आणि लगेच पुढे पुन्हा दोनदा."

"रडताना तोंड वेडंवाकडं होतं रे!"

"वेडंवाकडं होतं, मिटत नाही. मिटलं तर आवाज बंद पडेल." त्याने लूप अर्ध्या वेगाने फिरवला. "हे अक्षर आहे, मास्तर. प, ब, भ, म यांतलं काहीतरी. या बोलताहेत."

मास्तरांना हे दिसलं नव्हतं, यात नवल नाही. चाळीस वर्षं त्यांनी हा तुकडा हुंदक्यांसकट बघितला होता, आणि कानाने हुंदका सांगितला की डोळेही हुंदकाच बघतात. बोलावून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हाताऱ्याने. बातमीच्या हावेपायी!

"वेग नेहमीचा करा," बाई म्हणाल्या.

टिक, टिक, टिक.

"बास! बंद करा! बंद करा!"

त्यांनी ते बासष्ट वर्षांच्या, चौकाचौकांत ओरडून जाड झालेल्या गळ्याने म्हटलं, आणि ते त्या पोरीच्या ओठांवर असं चपखल बसलं की रेकॉर्डिस्टच्या तोंडून "अरे देवा" निघालं. ओठ मिटले तिथे मिटले, उघडले तिथे उघडले.

बाई मोठ्याने हसल्या. हो, हसल्या! मी ओरडले होते! अरे चांडाळांनो, मी ओरडले होते आणि तुम्ही चौदाच्या चौदा जण बघत होता!

"पुसून टाक ते," मास्तर काठी आपटत म्हणाले. "कागदावर 'रडते' लिहिलंय. पुसून टाक आणि हुंदके घे."

रेकॉर्डिस्टने कानातला कापूस काढून खिशात ठेवला. "मास्तर, ओठांवर बसलेला आवाज मी आजवर पुसलेला नाही. चित्रात जे म्हटलंय तेच जाणार. संस्थेला हवं तर मला काढू दे, असाही पुढच्या महिन्यात निवृत्तच होतोय."

"माझा सिनेमा आहे!"

"आणि तोंड माझं आहे," बाई काचेकडे बघून म्हणाल्या. "चाळीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला मी. आता गप्प बसा, मास्तर. लोक ऐकतील. तुमच्या अभिजात शॉटमध्ये मुलगी काय म्हणते ते तिकीट काढून ऐकतील."

मास्तरांनी मांडीवरचं ब्लँकेट वर ओढलं.

"बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "शेवटी अजून थोडं राहिलंय. केस तोंडावर पडल्यावर. दोन अक्षरी काहीतरी, दोनदा. दाखवू?"

ते बाईंना आठवतही नव्हतं. टिक, टिक, टिक. केसांच्या पुंजक्याखाली तोंड मोठं उघडलं आणि मग दोन्ही बाजूंना ताणलं गेलं. पुन्हा तसंच.

"आई," बाईंनी म्हणून बघितलं. आईच असणार, दुसरं कोण आठवतं अशा वेळी?

"जवळ आहे, पण नाही. आधी जीभ दातांना टेकतेय, बघा. आईला टेकणार नाही."

पुन्हा लूप. बाईंनी डोळे बारीक करून त्या पोरीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून ते आपोआप निघालं, न ठरवता.

"ताई! ताई!"

बसलं. अक्षरन्‌अक्षर बसलं.

लूप थांबला होता. बाईंनी काचेतून ताईकडे बघितलं. ताई पडद्याकडे बघत नव्हती. पर्स पोटाशी आवळून ती जमिनीकडे बघत होती. रेकॉर्डिस्टचं बोट अजून बटणावर होतं, म्हणून तिचं पुटपुटणं थेट बाईंच्या कानात आलं.

"तीनदा," ताई म्हणाली. "तीनदा मारलीस हाक. तिसरी यांनी कापलीय."

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली.

"तुला ऐकू आलं होतं?"

ताईने मान वर केली. "मी उठले होते ग. कडीला हात लावला होता. युनिटचा मॅनेजर आडवा आला. म्हणाला, ताई, शॉट चालू आहे. तुम्ही दार उघडलंत तर हा शॉट फुकट जाईल आणि तिला हे सगळं पुन्हा करावं लागेल. मला काय माहीत आत केस कापताहेत ते? मला वाटलं, जे काय असेल ते एकदाच होऊन जाऊ दे. पुन्हा नको तुला. तुझ्याचसाठी बसले मी खाली. शॉट चालू होता, छोटे."

मास्तरांनी काठी हलवली. "बघ! तिलाही कळत होतं, काम म्हणजे..."

"तुम्ही गप्प!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की मशीनवरचा आवाजाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन आपटला. मग त्या बहिणीकडे वळल्या. आवाज खाली आला होता, पण त्यातला राग आता दुसऱ्याच कोणाकडे वळला होता आणि त्याला कुठे ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"ती दहा मिनिटं झाली, ताई. ते समजू शकते मी. दारात आडवा आलेला मॅनेजर, चालू शॉट, सगळं. पण मी घरी आले टकली होऊन. नवऱ्याने घालवली. पेपरवाला घरी येऊन तुझ्यासमोर बसला. रात्र रात्र तुला विचारलं मी, मी ओरडले होते ना ग, आणि तू माझ्या डोक्यावरून हात फिरवून सांगितलंस, मनातल्या मनात ओरडली असशील. मला वाटायला लागलं, मीच खोटी. चाळीस वर्षं, ताई! तेव्हा कुठला शॉट चालू होता?"